सकाळी अकराची बिअर

मी बँकेत होतो असं कुणी सांगितलं तर समोरचा नुसती मान हलवतो. शाळेत शिकवत होते म्हणलं, तर कुठल्या शाळेत एवढंच विचारतो. पण मी बिअरच्या कारखान्यात होते म्हणलं की माणूस खुर्ची जवळ ओढतो. लग्नात ओढतो, बारशात ओढतो, एकदा तर तेराव्याच्या जेवणात ओढली होती. मग एक किस्सा सांगावा लागतो, त्यावरून दुसरा आठवतो, आणि पंगत उठली तरी माझ्या ताटातली पोळी तशीच असते. हे किस्से मी गोळा केले नाहीत. जिथं दिवसभर काहीतरी फसफसतच असतं, तिथं ते आपोआप साचत जातात.

वाळूजच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. प्रयोगशाळेत आम्ही मुख्य तिघं. पाठक सर म्हणजे ब्रूमास्टर, बिअर कशी व्हायला पाहिजे ते ठरवणारे. जाधव आणि मी, दोघं केमिस्ट. जाधव मुकुंदवाडीचे, घरची शेती विमानतळाच्या बाजूला. मी गारखेड्याची, चार पिढ्या कारकुनी केलेल्या घरातली.

*

तर सुरुवात घरापासूनच करते. नोकरीचं पत्र आलं तेव्हा बाबा जिल्हा कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"बिअर कशाची करतात?"

"बार्लीची, बाबा. आधी बार्लीला मोड आणायचे, ती भाजायची, दळायची..."

"बास. बार्लीचा कारखाना म्हणायचं."

आणि सगळ्या कॉलनीत मी बार्लीच्या कारखान्यात आहे असंच जाहीर झालं. शेजारच्या जोशीकाकांना त्याच सुमारास मुतखडा झाला. डॉक्टरांनी बार्लीचं पाणी प्यायला सांगितलं. बाबा लगेच म्हणाले, "काळजी करू नका, आमची रेखा आणील." मी स्टोअरमध्ये परवानगी मागून एक पिशवी बार्ली आणली. मग ती बातमी पसरली. मुतखड्याचे एवढे पेशंट गारखेड्यात आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. कंपनीच्या बसमधून उतरले की कोपऱ्यावर कुणीतरी पिशवी घेऊन उभं असायचंच.

उन्हाळ्यात जोशीकाकांचा खडा पडला. ते पेढे घेऊन घरी आले आणि बाबांना म्हणाले, "तुमच्या मुलीच्या कारखान्यानं मला वाचवलं. एकदा मला तिथं घेऊन चला. हात जोडून यायचंय."

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी काकांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले. काका चपला घालायला लागले. एक चप्पल घातली, दुसरी हातात धरून तसेच उभे राहिले.

"म्हणजे," ते बाबांना म्हणाले, "मी इतके दिवस उगाचच पाणी पीत बसलो."

*

आमच्याकडं रोज सकाळी अकरा वाजता चव बघायची बैठक असायची. अकराला का, तर तोवर नाष्टा जिरलेला असतो आणि जेवणाची भूक अजून लागलेली नसते, तेव्हा जीभ सगळ्यात शहाणी असते. त्याआधी कांदा खायचा नाही, अत्तर लावायचं नाही, तंबाखू तर नाहीच. वाइन चाखणारे लोक ती तोंडात घोळवून थुंकून टाकतात. बिअरचं तसं चालत नाही. तिचा कडूपणा घशाजवळ कळतो, म्हणून घोट गिळावाच लागतो. दोन-दोन घोटच, पण रोज.

जाधवांचं लग्न ठरायचं होतं तेव्हाची गोष्ट. मुलीचे वडील पैठणकडचे, चांगले बागायतदार, गळ्यात उपरणं, बोलायला एकदम रोखठोक. चहा यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पोरगा काही घेतो का?"

जाधवांचे मामा म्हणाले, "छे हो. सुपारीसुदिक खात नाय."

जाधवांना खोटं सहन होत नाही, हा त्यांचा जुना आजार. ते म्हणाले, "मामा, राहू द्या. मी घेतो. रोज घेतो."

जाधवांच्या आईनं पदर तोंडाला लावला. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मुलीच्या वडिलांनी मात्र पुढं चौकशी चालू ठेवली.

"रोज कधी?"

"सकाळी अकराला."

"सकाळी?"

"व्हय. साहेब समोर बसून पाजतात. नाय घेतली तर काम केलं नाय असं धरतात."

"अन् सांजच्याला?"

"सांजच्याला वासबी नको वाटतो."

"ऐतवारी?"

"ऐतवारी सुट्टी असती. त्या दिवशी नाय."

म्हातारबाबांनी मिशीवरून हात फिरवला. मग शेजारी बसलेल्या आपल्या भावाकडं वळून म्हणाले, "आपल्या गावात असा एक तरी दाखव, जो ऐतवारी सोडतो."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

*

पाठक सरांचं नाक म्हणजे कंपनीची इस्टेट होती. बाटली उन्हात राहिली असेल तर ते झाकण उघडल्याबरोबर सांगायचे. बिअर जुनी झाली की तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, घाईनं बाटलीत भरली असेल तर कच्च्या सफरचंदाचा, आणि आंबवताना काही बिनसलं असेल तर लोण्याचा. हे सगळे वास त्यांनीच आम्हाला शिकवले. अडचण एवढीच होती की नाक घरीसुद्धा त्यांच्याबरोबरच जायचं.

त्यांच्या पत्नी, माधवीताई, शाळेत गणित शिकवायच्या. दर रविवारी इडल्या करायच्या. सर सकाळी उठून पिठाच्या पातेल्यावरचं झाकण काढायचे आणि अहवाल द्यायचे. "बॅक्टेरिया दमलेत. रात्री थंडी जास्त होती, पातेलं खिडकीजवळ होतं वाटतं."

एका रविवारी आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. इडल्या चांगल्या हलक्या झाल्या होत्या. ताईंनी विचारलं, "कशा झाल्यात?" आम्ही सगळे छान म्हणालो. सरांनी एक तुकडा मोडला, वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दहापैकी सात."

ताईंनी आम्हाला आग्रह करकरून वाढलं.

पुढच्या रविवारी सर उठले तर टेबलावर पाव आणि लोणी. ताई पेपर वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्याच्यातलं यीस्ट भट्टीतच मेलंय. ते काही दमणार नाही. खा आता."

*

वर्षातून एकदा, थंडीत, कंपनी सगळ्यांच्या घरच्यांना कारखाना दाखवायची. आमच्या बसचे ड्रायव्हर सलीमभाई एका वर्षी आपल्या वडिलांना घेऊन आले. आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो. ऐंशीच्या पुढचे, पण पाठ ताठ. पांढरी शेरवानी, टोपी, हातात काठी. ते निजामाच्या आबकारी खात्यात शिपाई होते. पोलीस ॲक्शननंतर त्याच खात्यात, त्याच कामावर राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले.

"हुकूमत बदली, बिल्ला बदला," ते म्हणाले, "झाडां वइच थे."

झाडं म्हणजे शिंदीची झाडं. त्यांच्या तालुक्यात ओढ्याच्या काठानं शिंदीची बनं होती. झाडाला वर खाच पाडून मडकं बांधायचं, त्यात रस गळतो आणि आंबतो, तीच शिंदी. अब्बांचं काम म्हणजे प्रत्येक झाडावर सरकारी नंबर घालायचा आणि बिननंबरी झाडावर कुणी चढत नाही ना, ते बघायचं. स्वतः त्यांनी आयुष्यात थेंबसुद्धा घेतला नव्हता. पण शिंदीबद्दल बोलताना त्यांचे डोळे चमकायचे.

पाठक सर त्यांना घेऊन टाक्यांकडं गेले. दोन मजली उंच, चकचकीत स्टीलच्या टाक्या, आत थंडगार बिअर हळूहळू तयार होतेय. सरांनी सगळं समजावून सांगितलं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल करतं, मग तळाशी बसतं, मग ती बिअर गारव्यात मुरत ठेवायची.

"कित्ते दिन लगते?" अब्बांनी विचारलं.

"तीन हफ्ते. कभी-कभी उससे ज़्यादा."

"तीन हफ्ते?" अब्बांना ते पटेना. "हमारी शिंदी सुबू मीठी, दोपेर को खट्टी, शाम को झगड़ा. एक दिन में सब काम खतम."

सर मनापासून हसले. त्यांनी पुस्तकातला एखादा धडा शिकावा तसं ते वाक्य दोनदा म्हणून घेतलं.

मग अब्बांची नजर टाक्यांवर गेली. प्रत्येक टाकीवर मोठ्या काळ्या अक्षरात नंबर रंगवलेला होता. ते काठी टेकत एकेका टाकीसमोरून गेले, प्रत्येक नंबर मोठ्यानं वाचला. शेवटच्या टाकीपाशी थांबले आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नंबरां डाले सो भोत अच्छा किये, साब. नइं तो लोगां चढ़ जाते."

*

एक छोटा किस्सा. आमच्या कॉलनीतल्या बायकांची भिशी असायची. तोवर सगळ्यांना कळलं होतं मी कशाच्या कारखान्यात आहे. एकदा देशपांडेकाकूंनी विचारलं, "हे इतके प्रकार असतात, त्यात फरक काय गं असतो?"

मी म्हणलं, सगळ्यांची सुरुवात एकच, गोड काहीतरी आंबवायचं. धान्य आंबवलं की बिअर. द्राक्षं आंबवली की वाइन. मग हे आंबवलेलं उकळायचं आणि त्याची वाफ धरून गार करायची, की तेच कडक होतं. धान्याची व्हिस्की, उसाच्या मळीची रम, द्राक्षाची ब्रँडी.

काकू ताठ बसल्या. "ब्रँडी म्हणजे वाफ?"

"वाफ गार करून."

"आमच्या ह्यांना सर्दी झाली की डॉक्टरांनी सांगितलीय म्हणून घेतात, ती हीच ना?"

मी हो म्हणलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देशपांडेकाका मला फाटकाशी भेटले. चेहरा लालबुंद, केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"रेखा," ते म्हणाले, "तू काल माझ्या बायकोला काय सांगितलंस? मला पातेल्यावर वाकवून वर टॉवेल टाकला तिनं. म्हणाली, गार कशाला करायची, गरमच घ्या."

*

जाधवांच्या आईला आम्ही सगळे मायच म्हणायचो. मुकुंदवाडीतल्या बायकांनी एकदा दारूचा अड्डा बंद पाडला होता, त्यात माय सगळ्यात पुढं. हातात मुसळ घेऊन गेल्या होत्या असं जाधव सांगायचे. मुलगा बिअरच्या कारखान्यात लागला तेव्हा त्या त्याच्याशी महिनाभर बोलत नव्हत्या. पुढं बोलायला लागल्या, पण कारखान्याचं नाव निघालं की उठून जायच्या.

उन्हाळ्यात माय आंबील करायच्या. ज्वारीच्या पिठाची पेज शिजवायची, मडक्यात दोन दिवस आंबू द्यायची, मग ताक, मीठ, जिरं, लसूण. जाधव स्टीलच्या डब्यात आणायचे. बाहेर ऊन मी म्हणत असायचं, आणि ती आंबील प्यायली की माणूस जागेवर यायचा. पाठक सर तर डब्याची वाट बघत असायचे.

एक दिवस काम कमी होतं. सर म्हणाले, "जाधव, ही मशीनवर लावून बघू या का?"

जाधव नको म्हणत होते. पण केमिस्टच्या मनात एकदा आलं की राहवत नाही. ताक घालायच्या आधीची आंबील आम्ही गाळली आणि बिअरसारखीच तपासली. आणि निघालं. नाममात्रच, चढायचं तर सोडाच, मांजरालासुद्धा कळणार नाही इतकं. पण अल्कोहोल ते अल्कोहोल.

जाधवांनी डोक्याला हात लावला. "मॅडम, हे मायला कळलं तर ती जेवण सोडंल."

"सांगू नका मग," मी म्हणलं.

पण जाधवांचा तो आजार तुम्हाला सांगितलाच. रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं. म्हणाले, "माय, रागवू नको. आंबलं की थोडं होतंच. इडलीत होतं, पावात होतं. त्यात कुणाचा दोष नाय."

माय भाकरी थापत होत्या. हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. जाधवांचे वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. फार तापट माणूस, सगळी भावकी त्यांना टरकून असायची.

मग मायनी भाकरी उलटली.

"तरीच," त्या म्हणाल्या. "तुझा बाप उन्हाळ्यात लई गोड बोलायचा."

त्या वर्षी आंबिलीचा डबा पावसाळा लागला तरी येत होता.

*

आता हा शेवटचा.

एकदा बाजारातून तक्रारी यायला लागल्या. बिअरची चव बदललीय, कधी बरी लागते, कधी नाही. मुंबईच्या मुख्य कार्यालयानं ठरवलं की एक सल्लागार पाठवायचा. मोठा माणूस, परदेशात शिकलेला, चव ओळखण्यात त्याचा हात कुणी धरत नाही असा लौकिक. त्यानं आमच्या चव बघणाऱ्यांची परीक्षा घ्यायची. आम्ही नापास झालो तर बैठक बंद. पुढं नमुने मुंबईला जाणार आणि सरांना वेळेआधी घरी बसावं लागणार. सरांची निवृत्ती अजून लांब होती आणि त्यांना दुसरं काही येत नव्हतं, असं ते स्वतःच म्हणायचे.

आणि नेमका त्याच वेळी सरांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला. पूर्ण गेला. मला हे माधवीताईंकडून कळलं. त्यांनी फोन केला.

"रेखा, सकाळी दूध नासलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही, मी त्याचाच चहा केला. ह्यांनी सगळा प्यायला आणि छान झालाय म्हणाले." मग ताई हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांनी मला आजवर कधी छान म्हणलेलं नाही गं."

मी सरांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. दोन आठवडे ते बैठकीत बसत होते, घोट घेत होते आणि "तुमचं काय मत?" असं आम्हालाच विचारत होते. आम्हाला वाटत होतं, शिकवतायत. डॉक्टर म्हणाले होते, येईल वास परत, कधी ते सांगता येत नाही.

"त्या माणसाला मी खरं सांगून टाकणार आहे," सर म्हणाले. "परीक्षेला बसून फजिती करून घेण्यापेक्षा ते बरं."

सल्लागार आला. उंच, केस पिकलेले, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हसरी नाही. आम्ही चौघं बसलो. सर, जाधव, मी आणि बाटलीबंद विभागाचे शर्मा. सर बसल्याबरोबर म्हणाले, "साहेब, सुरू करायच्या आधी मला एक सांगायचंय."

"आधी चाखा," तो म्हणाला. "मग बोला."

प्रत्येकासमोर तीन ग्लास आले. ह्या तिन्हींत काय फरक आहे तो सांगा, एवढंच तो म्हणाला, आणि हाताची घडी घालून बसला.

मी तिन्हींचा वास घेतला. परत घेतला. आमची बैठक, सरांची नोकरी, सगळं त्या ग्लासांत तरंगत होतं. तिसऱ्यात मला लोण्याचा वास आला. नक्की आला. मी तसं सांगितलं. जाधव म्हणाले, दुसरी जराशी आंबट लागती. शर्मांना पहिलीत ओला पुठ्ठा सापडला. सल्लागारानं कुणाकडंच बघितलं नाही. तो सरांकडं बघत होता.

सरांनी तिन्ही ग्लास सावकाश नाकाशी नेले. प्रत्येकातला एक घोट घेतला. पहिल्यातला परत घेतला. मग ग्लास खाली ठेवला. मी खाली बघितलं. मला ते बघवेना.

"साहेब," सर म्हणाले, "मला ह्या तिन्हींत काडीचाही फरक कळत नाही."

सल्लागारानं हाताची घडी सोडली. टेबलाखालून एक मोठी बाटली काढली आणि सरांसमोर ठेवली.

"तिन्ही ग्लास ह्या एकाच बाटलीतले आहेत," तो म्हणाला. "मी ही परीक्षा कितीतरी कारखान्यांत घेतली. माझ्यासमोर बसून फरक नाही म्हणणारा माणूस मला आज पहिल्यांदा भेटला."

सर उभे राहिले. "नाही साहेब, तुमचा गैरसमज होतोय. तापात माझा वास गेलाय. दोन आठवडे मला काहीही कळत नाही. घरी नासलेल्या दुधाचा चहा प्यायलोय मी."

सल्लागार त्यांच्याकडं बघतच राहिला. मग त्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. त्यानं सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि आम्हा तिघांकडं वळून म्हणाला,

"एवढं मोठं नाक, आणि एवढा विनय. शिका ह्यांच्याकडून."